दातांवरचा साचा

१० ऑगस्ट १९९८

आज दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. आमच्या घराण्यात आजवर दात किडले, हलले, पडले, पण ते सरळ करून घ्यायला कोणी गेले नव्हते. तो मानही माझ्याच वाट्याला यायचा होता.

गेलो मुलासाठी, देवव्रतसाठी. लहानपणी इथे काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर तोंडावर आपटला. पुढे वरचे दोन दात आले ते पुढे सरकलेले आणि मध्ये फट घेऊनच. दिसण्याचे मला काही नाही. पण 'स' म्हणताना त्या फटीतून वारा निसटतो. गेल्या वर्षी वेदसभेच्या परीक्षेत परीक्षक नरहरशास्त्र्यांनी त्याला अर्ध्यावर थांबवले. पाठ चोख, स्वर चोख, तरी मुखदोष म्हणून परत पाठवला. यंदा मार्गशीर्षात त्याची शेवटची संधी आहे. दोनदा परत गेलेल्याला सभा तिसऱ्यांदा बसवत नाही, आणि परीक्षा न झालेल्याला पाठशाळेत शिकवता येत नाही. पणजोबा साताऱ्याहून काशीला आले तेव्हापासून पाठशाळेतल्या त्या आसनावर आमच्या घरातला कोणी ना कोणी बसत आलेला आहे. आज मी बसतो. माझ्यानंतर देवव्रत. दुसरा मुलगा मला नाही.

डॉक्टरीण आपल्यातलीच, मैत्रेयी नावाची. वडील बँकेतल्या नोकरीपायी इथे आले आणि इथलेच झाले. मुलगी तिशीचीही नसेल. आधी म्हणाली, "काका, तारा लावू." तारांत अन्न अडकणार आणि उष्ट्या तोंडाने हा वेद म्हणणार. मी उठूनच उभा राहिलो. मग तिने दुसरा उपाय काढला. पातळ, काचेसारख्या आरपार प्लास्टिकचा साचा. दातांवर टोपीसारखा बसतो. दातांचे माप घेऊन ती स्वतःच तो यंत्रावर बनवते. काही दिवसांनी पुढचा साचा, किंचित सरकवलेला, मग त्याच्या पुढचा. दात हळूहळू त्यामागे जातात. जेवताना आणि पाठाच्या वेळी काढून ठेवता येतो, बाकी सारा वेळ तोंडात.

"गावात हे अजून कोणी करत नाही," असेही म्हणाली. ही गोष्ट भरवशाची की भीतीची ते मला ठरवता आले नाही. पण हो म्हणून आलो.

२३ ऑगस्ट

पहिला साचा मिळाला. देवव्रतने घातला तेव्हा मला आधी दिसलाच नाही. हसला तेव्हा दात जरा जास्तच चकाकले एवढेच. बऱ्याच दिवसांनी पोराला हसताना पाहिले.

डॉक्टरणीने सांगितले, थंड पाण्याने धुवायचा, डबीत ठेवायचा. तिला आमच्या घरचे काय माहीत. जी वस्तू दिवसभर तोंडात, ती लाळेने उष्टी. ती काढून संध्येला बसायचे, मी एकदा म्हणेन ते दोनदा म्हणत संथा घ्यायची, आणि उठून तीच पुन्हा तोंडात घालायची. थंड पाण्याच्या चुळकाभर धारेने ती शुद्ध होते होय? मी दुपारभर विचार केला. धातूला राख आहे, लाकडाला तासणे आहे, मातीचे भांडे टाकून देतात. प्लास्टिकचा विचार कोणी करून ठेवलेला नाही, त्यात पूर्वजांचा दोष नाही. शेवटी मी माझा निर्णय घेतला. तांब्याच्या पंचपात्रात गंगाजल घ्यायचे, शेगडीवर ठेवायचे, वाफ धरली की साच्यावर ओतायचे. रोज संथेनंतर, आणि माझ्याच हाताने. अग्नी आणि गंगा दोन्ही लागल्यावर शंकेला जागा राहात नाही.

नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, डॉक्टरीणबाई थंड पाणी म्हणाल्या होत्या ना?"

मी म्हटले, "सोवळे-ओवळे आता दाताच्या डॉक्टरकडून शिकायचे का?" ती पुन्हा कणिक मळायला लागली. ही एक गोष्ट आमच्या घरात चांगली आहे, एकदा सांगितले की वाद राहात नाही.

१ सप्टेंबर

पहिले काही दिवस दात ठणकत होते. देवव्रत खिचडीवर होता. आता ठणका गेला. डॉक्टरीण म्हणते ठणकणे चांगले, दात हलतायत. साचा गच्च बसतो, काढताना नखाने उचकटावा लागतो.

आज संथेत 'स' जरा सुधारल्यासारखा वाटला. मनाचे खेळही असतील. तरी परत येताना ब्रह्मचारिणीच्या देवळात पेढे ठेवले.

१२ सप्टेंबर

पितृपंधरवडा. घरोघरी जाऊन पाय दुखले, वही उघडायला सवड नाही.

आज सकाळी घाटावरच्या उजेडात देवव्रतला म्हटले, आ कर. दात आणि साचा यांच्यामध्ये पुढच्या बाजूला थोडी पोकळी दिसली. तांदळाचा दाणा मावेल इतकी. पहिल्या दिवशी तिथे काही नव्हते. मी बोट लावून साचा वर दाबला. बसला. बोट काढले, पुन्हा खाली आला.

"किती दिवस झाले असे?" मी विचारले.

"तीन-चार दिवस, बाबा. नीट बैठतच नाही."

"मग सांगायला काय झाले?"

"सांगणार होतो."

दात साच्याच्या पुढे धावले असतील असे मी मनाशी म्हटले. पण साचा दातांना ओढतो, दात साच्याला कसे ओढतील?

२२ सप्टेंबर

घट बसले. दुसरा साचा देऊन पाच दिवस झाले आणि तो आत्ताच डुगडुगतो. उजवीकडे दाबला की डावीकडून उचलतो, डावीकडे दाबला की उजवीकडून. बोलता बोलता टकटक आवाज होतो. काल नैवेद्याच्या वेळी 'हो' म्हणायला तोंड उघडले तर खाली जिभेवरच आला. कड घासून हिरडी लाल झाली आहे. "चुभतंय," म्हणतो. प्लास्टिकही पहिल्यासारखे नितळ नाही, दुधाळ झाले आहे.

डॉक्टरणीकडे नेला. तिने साचा उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, मग तिच्या जवळच्या प्लास्टरच्या दातांवर बसवून पाहिला. तिथेही डुगडुगला. तिच्या कपाळाला आठी आली.

"काका, याला गरम पाणी लागलं का कधी? उन्हात राहिला, चहा प्यायला याने हा घालून?"

मी म्हटले, "आमच्या घरी चहा घेत नाहीत. आणि गरम पाणी कशाला? याला गंगाजलाशिवाय काही लागत नाही."

खोटे बोललो नाही. न्हाणीतले, नळाचे तापवलेले पाणी त्याला आम्ही कधी शिवू दिलेले नाही. देवव्रतने तोंड उघडले होते, माझ्याकडे बघून मिटले. मोठी माणसे बोलत असताना मध्ये न बोलण्याची शिस्त त्याला आहे, ते पाहून बरे वाटले.

तिने कापसाच्या गुंडाळ्या दिल्या, साचा घालून त्या चावायच्या म्हणजे तो नीट वर बसतो. म्हणाली, "असं व्हायला नको होतं. माझंच माप चुकलं असेल." निदान कबूल तरी करते.

३० सप्टेंबर

तिसरा साचा दातांवर चढतच नाही. म्हणजे पहिल्या दोन साच्यांनी जेवढे सरकवायचे तेवढे सरकवलेच नाही. उद्या दसरा. परीक्षेला दोन महिने राहिले.

संथेला बसलो की माझे लक्ष आता मंत्रांकडे नसते, त्याच्या तोंडाकडे असते. पुढचा 'स' कुठे येणार ते मला आधीच माहीत असते, म्हणून आधीपासूनच कान टवकारून बसतो. पन्नास वर्षे ज्या शब्दांवर जगलो ते शब्द आता मला भिववतात.

४ ऑक्टोबर

आज मी देवव्रतवर हात उचलला.

डॉक्टरणीने तिसऱ्यासाठी पुन्हा माप घेतले. तेव्हा तिने हळूच म्हटले होते, "काका, कधीकधी मुलं घालत नाहीत. मित्रांमध्ये काढून खिशात ठेवतात. तसं असेल तरी हेच होतं." घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात घुमत होते. अठरा वर्षांचा आहे. घाटावर क्रिकेट खेळणारी पोरे त्याला हाका मारतात. दूधविनायकाच्या गल्लीत पानाच्या टपरीशी उभा दिसला होता एकदा. मला सगळे उलगडले.

विचारले, "साचा दिवसभर घालतोस का?"

"हो, बाबा."

"मग दात का हलत नाहीत?"

त्याने साचा काढून तळहातावर माझ्यासमोर धरला.

"खोटे बोलतोस. तुला वेद नकोच आहेत. तुझ्या आजोबांनी या आसनासाठी काय सोसले, आणि तुला एक प्लास्टिकचा तुकडा तोंडात धरवत नाही."

त्याने एकदा पंचपात्राकडे बघितले, एकदा माझ्याकडे. मला तो उद्धटपणा वाटला. मी मारले. नंदा दारात होती, ती आत निघून गेली.

संध्याकाळी तो येऊन पाया पडला, म्हणाला, "पुढे नीट घालीन." म्हणजे आधी घालत नव्हता हे खरेच. हात अजून दुखतो आहे. मारायला नको होते, पण कारणाशिवाय मारले नाही, एवढे मी म्हणू शकतो.

१२ ऑक्टोबर

नवा तिसरा साचा. डॉक्टरणीने स्वतःच्या हाताने बसवला तेव्हा गच्च बसला, कड हिरडीला लागून होती, कुठे पोकळी नाही. मी खाली वाकून दोन वेळा पाहिले. मला रडू यायच्या बेतात होते.

आता काहीच ढिलाई नाही. देवव्रत पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर. आणि मधल्या काळात त्याच्या मनात खोट होती, खोटे होते, त्याचा दोष साच्याला लागला असेल असे वाटून मी शुद्धीही वाढवली आहे. नुसते वाफ धरलेले नाही, पाणी खळखळ उकळू देतो. मंत्र म्हणत ओततो.

१५ ऑक्टोबर

साचा मागच्या बाजूला मुडपला आहे. दाढेपाशी आत वळलेला. चावल्याशिवाय असे होणार नाही. चावलास का म्हणून विचारले. "नाही," म्हणाला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "असेल. झोपेत चावला असेन."

मला आता खरेच काही कळत नाही. तो माझ्यासमोर घालतो, माझ्यासमोर काढतो. मी स्वतः धुतो. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. आणि तरी तीन दिवसांत साचा गेला. देव एखाद्या घरावर रुसतो म्हणजे काय करतो? असेच करत असेल. मोठे काही करत नाही. एका पोराच्या तोंडात तांदळाएवढी फट ठेवतो.

२० ऑक्टोबर

पाडवा. नंदाने ओवाळले. फराळाला बसलो असताना चकली मागायची होती तेव्हा देवव्रत मला "गुरुजी" म्हणाला.

आमच्याकडे संथेच्या आसनावर मी गुरुजी आणि आसनावरून उठलो की बाबा, अशी लहानपणापासून वाटणी आहे. आजकाल तो दिवसभर गुरुजीच म्हणतो. नंदाच्या लक्षात आले होते म्हणे, माझ्या नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी एकदा बसून बोला." मी म्हटले, यात बोलायचे काय, मुलगा गंभीर झाला, अभ्यासाला लागला. चांगलेच आहे.

चकली त्याने भिजवून खाल्ली.

४ नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमा. पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना टोपल्यांतून आकाशदिवे टांगले आहेत, खालच्या पायऱ्यांवर पणत्या, नावांना गर्दी. घरातली दोघे गेली नाहीत म्हणून मीही लवकर परत आलो.

वाकडा साचा दातांवर दाबून दाबून डावा पुढचा दात फिरला आहे. सरळ व्हायच्या ऐवजी तिरका. हिरडी सुजली आहे आणि तो दात बोटाने हलतो. डॉक्टरणीने पाहून आरसा खाली ठेवला. "काका, आता थांबू या. मी हे पुढे करणार नाही. दात पक्का होऊ दे, वर्षभराने तारा लावू."

"वर्षभराने याचा उपयोग नाही," मी म्हटले.

"मला खरंच समजत नाहीये. बाकी दोन पेशंटचं अगदी छान चाललंय." मग तिने पुन्हा विचारले, "घरी धुता कसं?"

"सांगितले ना, गंगाजलाने." माझा आवाज चढला. "तुमच्या हातून होत नाही ते सांगा, आमच्या घरातले आचार कशाला तपासता."

तिच्या वडलांच्या वयाचा आहे मी, उलट बोलली नाही. शेवटी मी फारच गळ घातली म्हणून दात आहे तिथे धरून ठेवायला एक शेवटचा साचा देते म्हणाली. पायऱ्या उतरताना देवव्रतला विचारले, परीक्षेला बसशील ना? "तुम्ही सांगाल तसं, गुरुजी."

१६ नोव्हेंबर

शेवटचा साचाही गेला. आठवडाभर टिकला. मी आता कारण शोधत नाही.

रोज सकाळी गंगेत उभा राहतो तेव्हा एकच गोष्ट मनात येते. माझ्या तोंडात सगळे दात आहेत. एकही हललेला नाही. हे देवाने मला कशासाठी दिले, मी तर संपत आलो. त्याला दिले असते तर? असा विचार करणे पाप आहे की नाही तेही आता पाहवत नाही. पाठशाळेत कोणी देवव्रतचे विचारले की मी रस्ता बदलतो. घरी आलो की नंदा पान वाढते आणि समोर बसत नाही. तिघे एका छपराखाली आहोत आणि मला एकट्यासारखे वाटते, हे पहिल्यांदाच लिहितो आहे.

३ डिसेंबर

दत्तजयंती. परीक्षा झाली.

सभेत तो माझ्याकडे न बघता बसला. पाठीचा कणा ताठ, मांडीवर हात. पहिली काही सूक्ते मी डोळे मिटून ऐकली. स्मरण असे की पाणी वाहावे. आणि प्रत्येक 'स'ला शीळ. गेल्या वर्षी वारा निसटत होता, यंदा शीळ वाजते. मागच्या बाकावरची मुले हसली. नरहरशास्त्र्यांनी त्यांच्याकडे बघितले तेव्हा गप्प झाली. पण देवव्रतने ऐकले होते. तो थांबला नाही. नरहरशास्त्री हात वर करीपर्यंत म्हणत राहिला.

नरहरशास्त्री चांगला माणूस आहे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "विश्वेश्वर, मुलगा कंठाने तुझ्यापेक्षा पक्का आहे. मी खोटं सांगत नाही. पण आसनावर बसवता येणार नाही. हा उच्चार पुढच्या मुलांच्या तोंडात जाईल."

मी हो म्हटले. तेच बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटले असते.

घरी येताना तो दोन पावले मागे चालत होता. पणजोबांपासूनचे सगळे आज संपले आणि मला एकाही माणसावर धड रागावता येत नाही.

६ डिसेंबर

डॉक्टरीण घरी आली. कोणाकडून तरी निकाल कळला होता. सकाळची वेळ, संथा नुकतीच संपली होती. परीक्षा गेली तरी देवव्रत रोजच्यासारखा आसनावर येऊन बसतो, मीही सांगतो, दुसरे काय करायचे ते दोघांना माहीत नाही. दात आणखी फिरू नये म्हणून शेवटचा, मुडपलेला साचा तो अजून घालत होता. मी शेगडीवरून पंचपात्र उतरवले आणि साच्यावर ओतले. ती दारातच उभी होती.

"काका, हे काय करताय?"

"शुद्धी."

तिने पुढे येऊन वाफेवर हात धरला आणि लगेच मागे घेतला. मग माझ्या हातातला साचा घेतला. तो अजून ऊन होता. तिने दोन बोटांनी कड दाबली, ती मेणासारखी वाकली आणि तशीच राहिली.

"रोज?"

"रोज."

ती पाटावर बसली. नंतर म्हणाली तेव्हा आवाज अगदी मऊ होता. "हे प्लास्टिक उष्णतेनंच मऊ करून मी दातांवर बसवते, काका. गरम पाण्यानं आकार सोडतं. मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"मी गंगाजल म्हटले होते."

"हो. तुम्ही तसंच म्हटलं होतं."

ती गेल्यावर मी तिथेच बसलो होतो. नंदा आली, पंचपात्र उचलले, पुसून फडताळात ठेवले. तिने काही म्हटले नाही. तिने ऑगस्टमध्ये म्हटले होते.

मीच केले. साडेतीन महिने, रोज, मंत्र म्हणून. आणि त्याला मारले.

७ डिसेंबर

देवव्रतला विचारले, "तुला ठाऊक होते?"

"हो, गुरुजी."

"कधीपासून?"

"पहिल्याच हफ्त्यात समजलं. तुम्ही ओतलं की हातात नरम लागायचा."

"मग बोलला का नाहीस? मी मारले तेव्हा तरी?"

खाली बघत म्हणाला, "तुम्ही धूत होतात."

मी त्याची क्षमा मागितली. हात जोडले. त्याने घाईने माझे हात धरून खाली केले, घाबरला होता, जणू मीच त्याच्याकडून काही पाप करवून घेत होतो. म्हणाला, "असं नका करू, गुरुजी." मी म्हटले, बाबा म्हण. "हो," म्हणाला. म्हटले मात्र नाही.

९ डिसेंबर

काल दिवसभर विचार केला. आसन गेले ते गेले. ते मला आता सोसेल, असे वाटते. मुलगा तरी परत मिळवायचा. आज संथेला बसताना त्याला सांगितले, "आजपासून माझे कुठे चुकले तर मला थांबव. गुरु असलो तरी. ही माझी आज्ञा समज."

"हो, गुरुजी."

मी त्याला पहिलेच सूक्त सांगायला घेतले, मुंजीनंतर मांडीवर बसवून शिकवलेले. माझ्या हाताने त्याचे डोके खाली-वर करून प्रत्येक स्वर बसवला होता. झोपेत उठवून विचारले तरी त्याचे चुकायचे नाही. दुसऱ्या ऋचेत मी मुद्दाम स्वर बदलला. जिथे मान खाली जायला हवी तिथे वर नेली. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचे म्हटले, आणि तोंड मिटून थांबलो.

त्याने डोळे उचलून माझ्याकडे बघितले. त्याला कळले होते. मला ते स्पष्ट दिसले, आणि मी मनात म्हणत होतो, बोल.

मग त्याने मान वर नेली, अगदी मी नेली तिथे, आणि माझी चूक जशीच्या तशी म्हटली. पद्धतीप्रमाणे दोनदा. म्हणून झाल्यावर खाली बघत पुढच्या ऋचेची वाट पाहात बसला.